खोक्यावर ग्रिम, आत कोण कोण : दहा पुस्तिकांचा परीकथा संच

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात लहान मुलांच्या पुस्तकांच्या फळीवर हा संच हमखास दिसतो. दहा पुस्तिका, प्रत्येकी सोळा पानं, चकचकीत लॅमिनेशन, सगळं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोक्यावर लिहिलंय ‘ग्रिमच्या अमर परीकथा’. ग्रिम म्हणजे लोककथा गोळा करून छापणारे याकोब आणि विल्हेल्म हे जर्मन भाऊ. छापील किंमत साडेचारशे, विचारलं तर दहा टक्के सुटतात. प्रकाशकाचं नाव देत नाही, कारण याच चित्रांचे भाऊबंद वेगळ्या नावाने शेजारच्या दुकानातही मिळतील आणि पुढचं सगळं त्यांनाही लागू पडेल. चार वर्षांच्या पोराला वाचून दाखवायला संच बरा आहे. अक्षर मोठं, वाक्यं छोटी, चित्रं भडक पण स्पष्ट. अडतं ते बालसाहित्य किंवा लोककथा अभ्यासाला घेतलेल्या विद्यार्थ्यांचं. स्वस्तात मराठी मजकूर मिळतो म्हणून तेही हाच संच उचलतात आणि प्रकल्पात ‘ग्रिम’ म्हणून उद्धृत करतात.

दहापैकी सहाच गोष्टी ग्रिमच्या घरच्या आहेत: हन्सेल-ग्रेटेल, रपुंझेल, हिमगौरी, लाल टोपीवाली, बेडूक राजकुमार आणि झोपलेली राजकन्या. जलपरी आणि कुरूप बदक ही डेन्मार्कच्या हान्स अँडरसनने स्वतः रचलेली, अनुक्रमे १८३७ आणि १८४३ साली छापलेली. त्यांना लोककथा म्हणणंच चूक. जॅक आणि वेल इंग्लंडची. राहिली सिंड्रेला. भोपळ्याची गाडी, उंदरांचे घोडे, बाराचे ठोके, काचेचा बूट, हा सगळा ऐवज फ्रान्सच्या शार्ल पेरोचा, १६९७ सालचा. ग्रिमच्या सिंड्रेलात परी नाहीच. आईच्या थडग्यावर झाड उगवतं, त्यावरचा पांढरा पक्षी कपडे टाकतो, बूट सोन्याचा असतो आणि तो पायात बसावा म्हणून एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच. संचातल्या पुस्तिकेत यातलं काही नाही, तरी खोक्यावर ग्रिमच.

बरं, ‘ग्रिम’ म्हणजे तरी कुठला? त्यांच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ चा, दुसरा १८१५ चा. त्यानंतर विल्हेल्म ग्रिम गोष्टींवर सारखा हात फिरवत राहिला, तो थेट १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत. बहुतेक भाषांतरं या सातव्या आवृत्तीवरून होतात. फरक किती पडतो ते हन्सेल-ग्रेटेलमध्ये बघा. मुलांना जंगलात सोडायचा हट्ट धरणारी बाई १८१२ मध्ये त्यांची सख्खी आई आहे. ती सावत्र झाली १८४० च्या चौथ्या आवृत्तीत. हिमगौरीची आई तर १८१९ मध्येच सावत्र झाली होती. संचात दोघीही सावत्र आहेत. ‘परीकथांतली आई’ असा विषय घेऊन या मजकुरावरून निष्कर्ष काढला, तर तो एका संपादकाच्या दुरुस्तीवरून काढलेला असेल.

हिमगौरीची पुस्तिका सगळ्यांत मजेशीर आहे. ग्रिममध्ये राणी तीन वेळा येते: एकदा चोळीची नाडी आवळायला, एकदा विषारी कंगवा घेऊन आणि शेवटी सफरचंद घेऊन. इथे फक्त सफरचंद उरलंय. पेटी उचलणारे ठेचकाळतात आणि घशातला तुकडा बाहेर पडतो, त्याऐवजी चुंबन आलंय. बुटक्यांना नावं दिलेली नाहीत, पण चित्रात एक चष्मेवाला आहे आणि एक पेंगुळलेला. म्हणजे चित्रकारासमोर डिस्नेचा १९३७ चा चित्रपट होता. मात्र एका जागी अनुवाद नकळत बरोबर आलाय. राणी शिकाऱ्याला ‘तिचं काळीज घेऊन ये’ म्हणते. चित्रपटात हृदय आहे, ग्रिममध्ये फुप्फुस आणि यकृत. खाटकाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृतच. अनुवादकाला बहुधा हृदय म्हणायचं होतं, मराठीने त्याला मूळ गोष्टीजवळ नेऊन सोडलं.

झोपलेल्या राजकन्येत ताटं मोजा. ग्रिममध्ये राज्यात तेरा शहाण्या बायका असतात आणि सोन्याची ताटं बाराच, म्हणून तेरावीला बोलावत नाहीत. पेरोकडे सात पऱ्या बोलावतात आणि आठवी न बोलावता येते. या पुस्तिकेत मजकूर बारा म्हणतो आणि समोरच्या पानावरच्या मेजवानीत सात पऱ्या बसल्यात. शब्द एका आवृत्तीतून, चित्र दुसरीतून.

बाकीच्यांचं थोडक्यात. ग्रिममध्ये बेडकाला राजकन्या भिंतीवर आपटते, इथे ती त्याचं चुंबन घेते. लाल टोपीवालीत शिकारी आहे, म्हणजे घाट ग्रिमचा, पण आजी लांडग्याच्या पोटात जायच्या ऐवजी कपाटात लपते. जलपरीचं तर इथे लग्नच लावून दिलंय, अँडरसनकडे ते होत नाही.

भाषेबद्दल तक्रार करायची तर रपुंझेलपासून करावी. बायको गरोदर आहे, तिला शेजारच्या चेटकिणीच्या मळ्यातली भाजी खावीशी वाटते. याला मराठीत ‘डोहाळे’ असा तयार शब्द असताना छापलंय, ‘तिला ती भाजी खाण्याची तीव्र इच्छा झाली’. भाजी दाखवलीय कोबी. मूळ जर्मनमध्ये त्या पालेभाजीचंच नाव रपुंझेल आहे आणि मुलीला तेच नाव ठेवतात. कोबी लिहिला की मुलीचं नाव कुठून आलं तेच कळेनासं होतं. दुसरीकडे सिंड्रेलाची सुरुवात ‘आटपाट नगर होतं’ अशी केलीय. ऐकायला गोड लागतं, पण ते आपल्या व्रतकहाण्यांचं दार आहे. त्यातून आत शिरलेला श्रोता उतू नकोस, मातू नकोसची वाट बघतो. प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी चौकटीत ‘तात्पर्य’ आहे, ती आपली इसापनीतीची सवय. पेरो शेवटी पद्यात बोध देतो खरा, ग्रिमच्या या गोष्टींना असं शेपूट नाही. चौकट अभ्यासात धरू नका.

छपाईत एक दोष सगळीकडे आहे. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्या’ मोडलाय: ‘बिचार्या’, ‘दुसर्या’. जलपरीच्या पुस्तिकेत समुद्राखालच्या दऱ्यांच्या ‘दर्या’ झाल्यात, म्हणजे समुद्राखाली आणखी समुद्र. उतारा टंकताना हे तसंच उतरवू नका, किंवा उतरवलंत तर तळटीप द्या. अनुवादकाचं नाव कुठेही नाही. उद्धृत करताना ‘अनुवाद’ न लिहिता ‘रूपांतर, रूपांतरकार अनुल्लेखित’ असं लिहावं. पानांना आकडे नाहीत, ते पेन्सिलीने घालून घ्या.

मग घ्यायचा की नाही? रूपांतर कसं होतं हेच अभ्यासायचं असेल तर जरूर घ्या, असा सोपा नमुना दुसरा नाही. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला कथाप्रकाराचा, म्हणजे लोककथांच्या सूचीत त्या घाटाच्या गोष्टीला दिलेला, आकडा लिहून ठेवा. आर्ने यांनी १९१० मध्ये सुरू केलेली, थॉम्पसन यांनी वाढवलेली आणि उथर यांनी २००४ मध्ये नव्याने मांडलेली ही सूची जगभर चालते. सिंड्रेला ५१०ए, लाल टोपीवाली ३३३, झोपलेली राजकन्या ४१०, हन्सेल-ग्रेटेल ३२७ए, रपुंझेल ३१०, हिमगौरी ७०९, बेडूक ४४०, जॅक ३२८ए. अँडरसनच्या दोन पुस्तिकांवर आकडा घालू नका. आपली भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी याच सूचीत १२२एफच्या घरात बसते.

सिंड्रेलाच्या जोडीला दख्खनची गोष्ट हवी असेल तर मेरी फ्रिअरचा १८६८ चा इंग्रजी संग्रह ‘ओल्ड डेक्कन डेज’ बघावा. स्वामित्वहक्क संपलाय, इंटरनेटवर फुकट मिळतो. मेरी म्हणजे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी. त्यांच्याच काळात गणेशखिंडीत ज्या बंगल्याचं काम सुरू झालं, ती आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. गोष्टी सांगितल्या तिच्या आयेने, अ‍ॅना लिबेराता डिसोझा हिने, आणि तिची स्वतःची हकीकतही पुस्तकात आहे. त्यातल्या सोदेवाबाईची एक चप्पल डोंगरावरून खाली पडते, ती राजपुत्राला सापडते आणि लग्न जमतं. पण गोष्ट तिथे संपत नाही. सोदेवाबाईचा जीव गळ्यातल्या सोन्याच्या हारात असतो आणि सवतीची नजर त्यावर जाते. एका चपलेवरून दोन गोष्टी किती लांब जातात हे दाखवायला हीच जोडी घ्यावी.

खरेदीला मंडई मेट्रो स्थानकातून चालत जा, चौकात गाडी लावायच्या भानगडीत पडू नका. जूनमध्ये पाठ्यपुस्तकांची झुंबड असते, काउंटरवर कोणी खोकं उघडून दाखवणार नाही. एरवी दाखवतात. दहाही पुस्तिका मधून उघडा. पिना बरोबर घडीवर आहेत का, मधलं पान उलटं लागलेलं नाही ना, आणि एकच पुस्तिका दोनदा आलेली नाही ना, हे पाहा. तिसरा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा होतो.

पावसाळ्यात या पिना गंजतात आणि मधल्या पानांवर तांबडे डाग उतरतात. वर्षभर वापरायचा असेल तर पिना काढून घ्या आणि दहाही पुस्तिका बाइंडरकडे एकत्र शिवायला द्या. घडीतून दोऱ्याने शिवायला सांगा. बाजूने भोकं पाडून शिवलं तर आतला समास जातो, कारण मजकूर घडीपासून जेमतेम बोटभर लांब आहे. मुखपृष्ठं फेकू देऊ नका, आकडे त्यांच्यावरच लिहिलेले असतील.