आरती साहा यांच्या नावाचं चांदीचं लॉकेट: बरेच महिने वापरल्यानंतर

आधी कडीबद्दल लिहिते, बाकीचं नंतर. लॉकेट साखळीत अडकवणारी जी छोटी गोल कडी आहे, ती झाळलेली नाही. तारेची दोन टोकं चिमट्याने एकमेकांना टेकवून ठेवलीत, बस्स. पावसाळा संपता संपता ती फाकली आणि लॉकेट तरणतलावाच्या शॉवरखाली पडलं. मोरीच्या जाळीत अडकलं म्हणून हाती लागलं. जिने इंग्लिश खाडी पोहून पार केली, तिच्या नावाची वस्तू एका कच्च्या कडीपायी गटारात जाणार होती. याचा राग मला अजून आहे.

विक्रेत्यांना फोन केला. उत्तर आलं, "वापरताना ताण आला असेल." सहा ग्रॅमच्या लॉकेटचा कसला आलाय ताण? दुरुस्ती फुकट, पण पाठवण्याचा आणि परत मागवण्याचा खर्च आमचा. तेवढ्या पैशांत आमच्या सोनारकाकांनी कडी झाळून दिली आणि वर पैसे उरले. काकांनी आधी नाही म्हटलं होतं, कारण पुढच्या बाजूला निळा मीना आहे आणि चांदीतून उष्णता फार झपाट्याने पसरते. कडीला आच दिली की मीना तडकायची भीती. शेवटी लॉकेट पाण्यात बुडवून, फक्त कडी वर ठेवून त्यांनी काम केलं. हेच मीना भरण्याआधी कारखान्यात करणं किती सोपं होतं!

आता पुढच्या बाजूबद्दल. दोन ठिपके आणि त्यांच्यामध्ये वळणं घेत गेलेली निळी रेघ. मागवताना मी ती लाट समजले होते आणि अगदी साधं डिझाइन म्हणून थोडी नाराजही होते. आमच्या तलावावरच्या प्रशिक्षकांनी लॉकेट हातात घेतलं आणि लगेच म्हणाले, "हा तर मार्ग आहे." खाडी सर्वांत अरुंद जागी साधारण 33 किलोमीटर आहे, पण तिथे सरळ पोहता येतच नाही. दर सहा तासांनी भरती-ओहोटीचा प्रवाह दिशा बदलतो आणि पोहणाऱ्याला एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला ओढतो. आरतींच्या नावावर 42 मैलांची नोंद आहे ती त्यामुळेच. फ्रान्सच्या केप ग्री-नेपासून इंग्लंडच्या सँडगेटपर्यंत, 16 तास 20 मिनिटं. तेव्हापासून ती रेघ मी दिवसातून कितीदा तरी बोटाने चाचपते.

मागच्या बाजूला दोन तारखा कोरल्यात: 27 ऑगस्ट 1959 आणि 29 सप्टेंबर 1959. दुसरी यशाची. पहिली अपयशाची, आणि ती कोरल्याबद्दल या कारागिरांना मनापासून दाद. त्या दिवशी सोबतीची बोट उशिरा आली, अनुकूल प्रवाहाची वेळ हुकली आणि इंग्लंडचा किनारा जवळ आलेला असताना उलट्या प्रवाहामुळे आरतींना पोहणं सोडावं लागलं. महिन्याभरात त्या पुन्हा उतरल्या आणि खाडी पोहणारी पहिली आशियाई स्त्री ठरल्या. तेव्हा त्या नुकत्याच एकोणीस वर्षांच्या झाल्या होत्या. 1960 मध्ये पद्मश्री मिळाली. दुसऱ्या कुणी फक्त जिंकलेली तारीख कोरली असती.

डब्यातल्या कार्डावर मात्र "खाडी पोहणारी जगातली पहिली महिला" असं छापलंय. ते चूक आहे. तो मान अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्ल यांचा, 1926 चा. आरतींचं मोठेपण सिद्ध करायला दुसरीचा मान काढून घ्यायची गरज नाही. हे मी कळवलं, आणि इथे कौतुक करायला हवं, नवं कार्ड दुरुस्त होऊन आलं.

चांदी 925 ची, म्हणजे साडेसात टक्के दुसरा धातू, बहुतेक तांबंच. तलावातल्या क्लोरीनने ती काळवंडते. पोहताना काढूनच ठेवा. काळेपणा घालवायला सोडा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा उपाय इथे करू नका. तारखा उठून दिसाव्यात म्हणून अक्षरांत मुद्दाम काळं भरलंय, तेही निघून जाईल. मी रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ सुती कापड वापरते, तेवढं पुरतं.

किमतीचा मोठा भाग घडणावळीचा आहे, मोडीत फार काही येणार नाही. एवढी घडणावळ घेऊन कडी झाळत नाहीत, हे मला कधीच पटणार नाही. घ्यायचंच असेल तर "कडी झाळून पाठवा" असं ऑर्डरमध्ये लिहून मागा. मी कडीसाठी दोन गुण कापते आणि त्या निळ्या रेघेसाठी तरीही घ्या म्हणते.

विक्रेत्यांना आणखी एक नाव सुचवलंय: मुंबईच्या डॉली नाझीर. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकला अकरा वर्षांच्या आरतींबरोबर त्याही उतरल्या होत्या. त्यांच्या नावाचं काही काढलंत तर पहिली ऑर्डर माझी, असं लिहिलंय. अजून उत्तर नाही.