सर्पविषावरची एएसव्ही कुपी : रक्ताला तारते, किडनीची हमी देत नाही

सोलापूरकडे उसाच्या फडात घोणस, खडकाळ माळावर फुरसे. दोघांचंही विष रक्त गोठू देत नाही, आणि उतारा एकच: घोड्याच्या रक्तापासून केलेली एएसव्हीची (अँटी-स्नेक व्हेनम) ही पावडरची कुपी. नाग-मण्यारलाही हीच चालते. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

पावडरला फ्रीज लागत नाही, २५ अंशांखालची जागा पुरते. मात्र आपल्या उन्हाळ्यात अशी जागा म्हणजे फ्रीजच! कुपीत १० मिली निर्जंतुक पाणी घालून ती तळहातांत सावकाश फिरवायची. खळखळून हलवली की नुसता फेस. पहिला डोस साधारण १० कुप्या, सलाइनमधून तासाभरात. लहान मुलांनाही तेवढाच, कारण विष तेवढंच असतं. औषधाची अ‍ॅलर्जी येईल का म्हणून आधी कातडीवर चाचणी घेणं म्हणजे वेळ घालवणं. त्याऐवजी अ‍ॅलर्जीवरचं अॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून ठेवावं.

गुण आला का, हे काचेची नळी सांगते. २ मिली ताजं रक्त, २० मिनिटं धक्का न लावता, मग नळी तिरकी करून बघायची: रक्त वाहिलं तर ते गोठलेलं नाही. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही पातळ दिसतं आणि कुप्या वाया जातात. फेरतपासणी ६ तासांनी. यकृताला रक्त गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला तेवढा वेळ लागतो.

इथवर औषध उत्तम. पुढे मात्र ते तोकडं पडतं. रक्त गोठू लागलं, तरी काही रुग्णांत एक-दोन दिवसांत प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन घसरतात, क्रिएटिनिन (किडनी मंदावल्याची रक्तातली खूण) चढतं. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, त्यातून जाताना तांबड्या पेशी फाटतात. याला थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथी म्हणतात. प्रकार विरळा, म्हणूनच नजरेतून सुटतो. रक्ताच्या स्लाइडवर तुटक्या, शिरस्त्राणासारख्या पेशी दिसतात आणि एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं असतं. अशा वेळी आणखी कुप्या ओतून उपयोग नाही, आधार डायलिसिसचा. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलण्याचा खर्च मोठा, फायदा अजून सिद्ध नाही. लघवी पूर्ण बंद पडून तशीच राहिली, तर किडनीचा बाहेरचा थर मेल्याची शंका घ्यावी. तिथे किडनी पूर्ववत होईलच असं नाही.

म्हणून लघवी मोजायचीच. ५० किलोच्या माणसाला तासाला २५ मिलीपेक्षा कमी होत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगावं. मोहोळ-बार्शीहून हलवायचं असेल तर पहिला डोस तिथेच सुरू करून, आणि डायलिसिसची सोय असेल तिथेच न्यावं. दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक मात्र अजिबात देऊ नये.