डाळिंबाच्या बागेत ओलाव्याचं सेन्सर: एक बहार वापरून झाल्यावर

सांगोला तालुक्यात आमची भगवा जातीच्या डाळिंबाची दोन एकर बाग आहे, रान मुरमाड. आंबे बहाराचं (जानेवारी-फेब्रुवारीत पाणी देऊन धरतात तो) पाणी सोडलं तेव्हापासून बागेत ओलाव्याचं सेन्सर आणि छोटं हवामान केंद्र बसवलंय. आता माल निघाला. "घेऊ का?" म्हणून पोरांचे फोन येतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

पैसे वसूल झाले ते खालच्या सेन्सरनं. एक वीतभर खोल असतं, दुसरं दीड-दोन फुटांवर. आम्ही ड्रिप तासन्‌तास चालवायचो, वरची माती ओली दिसली की समाधान. खालचा आकडा पाहिल्यावर कळलं, मुरमातून पाणी मुळ्यांच्याही खाली निघून जातंय, सोबत सोडलेलं खतही. आता थोडं थोडं पण वारंवार देतो. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची, टिकतो, बोअरलाही दम मिळतो. आकडा किलोपास्कलमध्ये (मुळ्यांना पाणी ओढायला लागणारा जोर) येतो आणि तो वाढला की रान वाळतंय, असा उलटा हिशेब. वडील, म्हणजे आमचे आण्णा, अजून आकड्यावर विसंबत नाहीत, मूठभर माती दाबूनच बघतात. बहुतेक वेळा दोघांचं उत्तर जुळतं, ही गोष्ट वेगळी.

रोगाच्या इशाऱ्यांवर मात्र डोळे झाकून जाऊ नका. पाऊस लागला की अ‍ॅप रोज लाल, "धोका जास्त". तेल्या रोग जिवाणूचा, करपा बुरशीचा, पण इशारा मोघमच, कुठल्या रोगाचा ते कळत नाही. ऐकून फवारत बसलो असतो तर औषधाच्या दुकानाचंच भलं झालं असतं. मी पान किती तास ओलं राहिलं तेवढं बघतो आणि फवारणी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या वेळापत्रकानं घेतो.

तक्रारी आहेतच. खारीनं वायर कुरतडली, ती पाइपात घालूनच पुरा. रेंज गेली की अ‍ॅप जुनाच आकडा ताजा म्हणून दाखवतं. हा दोष गंभीर आहे, वेळ बघितल्याशिवाय मोटार चालू-बंद करू नका. सर्व्हिसचा माणूस "उद्या येतो" म्हणतो. कुठला उद्या, ते विचारू नका.

खर्च वाटून घ्यायचा असेल तर हवामान केंद्र शेजारच्या बांधावाल्यांत चालतं. ओलाव्याचं सेन्सर चालत नाही, कारण माती बांधाला बदलते.

खरी अडचण यंत्रात नाहीच. अ‍ॅपचं लॉगिन माझं, मोटार माझ्या मोबाईलवर, पण सातबारा आण्णांच्या नावावर. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवणं, 2021 पासून मीच करतो, खातं त्यांचं. 15 एप्रिल 2025 पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तोही जमिनीला जोडलेला, म्हणजे त्यांचाच. ड्रिपला अल्पभूधारकाला 80 टक्के अनुदान, पण अर्ज भरायला बसलो की ओटीपी त्यांच्या बटणाच्या फोनवर आणि फोन गोठ्यात. आमचं निदान घरातल्या घरात भागतं. माझा एक मित्र वाट्यानं रान करतो. माझ्यापेक्षा हुशार, अ‍ॅप तोंडपाठ, पण नावावर गुंठाही नाही. त्याला अर्जाचा पहिला रकानाच भरता येत नाही. तरुणांनी डिजिटल शेती करावी म्हणून मेळावे होतात, तिथं हा प्रश्न विचारला की माईक पुढं जातो.

दोन एकराच्या आत असाल आणि रान काळं, पाणी धरणारं असेल तर घाई करू नका. मुरमाड असेल तर निदान ओलाव्याचं घ्या. घेताना विक्रेत्याला विचारा, वर्षाची वर्गणी थांबवली तर आधीची सगळी माहिती आपल्या हातात राहते का? मला अजून सरळ उत्तर मिळालेलं नाही.