नाशिकच्या द्वारकेवरून घेतलेले बाइकच्या ग्रिपचे फोम कव्हर : हाताच्या मुंग्या जातात का?

ज्यांची गाडी सिंगल सिलिंडर आहे आणि ज्यांना मुंबईकडे जाताना घोटी गेलं की उजव्या हाताची करंगळी आपली का शेजाऱ्याची असा प्रश्न पडायला लागतो, त्यांच्यासाठी लिहितोय. बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल. माझी गाडी साडेतीनशे सीसीची आहे, नाव घेत नाही, नाव घेतलं की तिचे भक्त मूळ विषय सोडून भांडत बसतात. गाडी चांगलीच आहे, फक्त ८०-९० च्या स्पीडला हँडल असं झिणझिणतं की शहापूरला चहाचा कप धरायला डावा हात लागतो.

तर वस्तू म्हणजे ग्रिपवर चढवायचे काळे फोमचे नळकांडे, जोडी ३०० च्या आत मिळाली, ब्रँड वगैरे काही नाही, साध्या पारदर्शक पिशवीत स्टेपल मारलेले. परदेशात हेच ग्रिप पपी नावाने लोक वर्षानुवर्षं वापरतात, आपल्याकडे ऑनलाइन मागवले तर किंमत बरीच वर जाते. मी द्वारकेकडून सारडा सर्कलला जाताना जी स्पेअर पार्टची दुकानं आहेत त्यातल्या एकातून घेतले. दुकानाचा पत्ता विचारू नका, त्या पट्ट्यात चार ठिकाणी विचारलं की एका ठिकाणी मिळतातच. त्यात सध्या सिंहस्थाच्या कामांनी शहरात कुठला रस्ता चालू कुठला खोदलेला हे रोज बदलतंय, त्यामुळे गाडी लांब लावून चालत जा.

दुकानातले काका मात्र भारी निघाले. त्यांनी दोन प्रकार काढले, दिसायला सेम. मी म्हटलं काका फरक काय, तर म्हणे "दादा, थांबा दाखवतो" आणि स्वतःच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणातून दोन्हींवर थोडं थोडं पाणी टाकलं. एकावर पाण्याचे मणी होऊन घरंगळले, दुसऱ्याने सगळं पिऊन टाकलं, वर बोट दाबलं तर कडेने पाणी बाहेर आलं. "हा पावसाळ्यात इगतपुरीला दिवसभर पिळत बसाल." बास, तिथंच निर्णय झाला. फोमची भोकं बंद असतील तर पाणी आत शिरत नाही, उघडी असतील तर तो भांडी घासायचा स्पंज आहे. दोघांत पन्नास-साठ रुपयांचा फरक होता. तुम्ही घ्याल तेव्हा ही टेस्ट करूनच घ्या, दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

आता मुंग्या येतात कशाने ते थोडं सांगतो नाहीतर कव्हरकडून नको ती अपेक्षा ठेवली जाते. साडेचार हजार आरपीएमला इंजिन सेकंदाला ७५ वेळा फिरतं, सिंगल सिलिंडरमध्ये तो एकटा पिस्टन तेवढ्या वेळा वरखाली होतो आणि त्याचा झटका फ्रेममधून हँडलला आणि हँडलमधून हाताला. हे एक. दुसरं म्हणजे आपणच मूठ किती आवळतो. बारीक ग्रिप असली की बोटं पूर्ण वळून तळव्याला टेकतात आणि रेस धरून ठेवायला तासभर तेवढीच आवळून ठेवावी लागते. आणि कुठली बोटं बधिर होतात ते नीट बघा, त्यात अर्धं उत्तर आहे. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू म्हणजे अल्नर नर्व्ह, ती तळव्याच्या बाहेरच्या उंचवट्याखालून जाते आणि आपण हँडलवर भार देतो तो बरोबर तिच्यावर. अंगठा, तर्जनी, मधलं बोट म्हणजे मीडियन नर्व्ह, ती मनगटाच्या मधून जाते आणि मनगट वर किंवा खाली मुडपलेलं राहिलं की तिची गळचेपी होते. माझ्या उजव्या हाताला पहिला प्रकार, डाव्याला दुसरा. एकाच माणसाला दोन्ही, वा!

बसवायला अर्धा तास लागतो आणि शिव्या येत असतील तर वीस मिनिटं. आधी हँडलच्या टोकाचे वेट स्क्रू काढून बाजूला करायचे. मग साबणाचं पाणी लावा असं सगळे सांगतात पण ते आत वाळायला दोन दिवस घेतं आणि तोवर कव्हर गोल गोल फिरत राहतं. घरात कोरोनाच्या काळातलं स्प्रेवालं सॅनिटायझर पडलं होतं ते मारलं, जेलवालं नको ते चिकट राहतं. स्प्रे मारला की कव्हर पटकन सरकतं, पण अर्ध्यावर हमखास अडकतं, तेव्हा ओढायचं नाही, ओढलं की फोम लांब होऊन पातळ होतो आणि फाटतो. टोकाशी बोट आत घालून आणखी एक फवारा मारायचा आणि ढकलायचं. ज्यांच्या गॅरेजला हवेचा कंप्रेसर आहे त्यांनी तिकडेच जावं, कव्हरच्या खाली हवा सोडली की ते क्षणभर फुगतं आणि सर्रकन आत जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे वगळून बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. रेसच्या बाजूचं कव्हर आतल्या स्विचच्या डबीला आणि बाहेरच्या वेटला घासता कामा नये. दोन्हीकडे २-३ मिमी मोकळं ठेवा, जास्तीचा फोम ब्लेडने कापा. मग गाडी बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि सरळ अशा तिन्ही जागी रेस पूर्ण पिळून सोडून बघा, टक्कन मागे आली पाहिजे. सावकाश येत असेल तर तशी गाडी रस्त्यावर काढू नका, रेस अडकली आणि पुढं मुंबई नाक्याचं ट्रॅफिक असेल तर कव्हरने वाचवलेली करंगळी काही कामाची नाही.

मी अंबडला टूलरूममध्ये असल्याने व्हर्निअर कायम हाताशी, म्हणून मोजलं. आधी ग्रिप ३३ मिमी होती, कव्हर चढल्यावर ४१. हे ८ मिमी ऐकायला काही नाही पण हातात घेतल्यावर लगेच कळतं, मूठ उघडी राहते आणि रेस पिळायला आवळावं लागत नाही, तळवा नुसता टेकवला तरी फिरते. आणि गंमत म्हणजे माझ्या मते कव्हरचा खरा फायदा हाच आहे, फोम झिणझिण खातो ते खातोच पण मूठ सैल राहते हे जास्त कामाचं. बारीक झिणझिण बरीच मंदावते, खड्ड्याचा दणका मात्र जसाच्या तसा लागतो, तो शॉकअपचा आणि टायरच्या हवेचा विषय आहे. कसाऱ्यापर्यंत आता हात जागा असतो, शहापूरच्या पुढं थोडं जाणवायला लागतं पण तो चहाच्या कपावाला प्रकार गेला. वणीला दिंडोरीवरून गेलो तर काहीच होत नाही, नांदुरीपासून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना उलट मजा येते. थंडीत तर वेगळाच बोनस, डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहावर येतो तेव्हा सकाळी रबर दगडासारखं गार पडलेलं असतं, फोमला हात लावला तर तसं होत नाही, आणि गारठलेला हात लवकर बधिर होतो हे वेगळं सांगायला नको.

तोटे पण आहेत. पहिला म्हणजे हात लहान असेल तर घेऊ नका. माझ्या बायकोने गाडी चालवून बघितली आणि दोन मिनिटांत म्हणाली "अहो, हे क्लचपर्यंत बोटच पोचत नाही". बरोबर आहे तिचं, मूठ जाड झाली की लिव्हर लांब जाते आणि लिव्हर दाबल्यावर मुठीपर्यंतची जागा पण कमी होते. क्लच दोन बोटांनी दाबायची सवय असेल तर मागची दोन बोटं लिव्हर आणि फोमच्या मध्ये चेपतात आणि क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर टाकताना खर्रर्र होतं. पुढच्या ब्रेकचं पण बघून घ्या, जोरात दाबल्यावर लिव्हर फोमला टेकत असेल तर आधी ब्रेकचं काम करा. दुसरा तोटा, रेसचा बारीक अंदाज सुरुवातीला हरवतो, सीबीएस बसस्टँडच्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये रांगताना गाडी थोडी उड्या मारते, मग सवय होते. तिसरा, उन्हात गाडी लावायची असेल तर फोम फार दिवस टिकेल असं वाटत नाही, माझ्या उजव्या कव्हरच्या कडेला आताच भुगा निघायला लागलाय. पण त्या किमतीत वर्षाला एक जोडी गेली तरी मला परवडतं.

डाव्या हाताला मात्र कव्हरने शून्य फरक पडला. तो अंगठा आणि तर्जनी गंगापूर रोडच्या सिग्नलांवरच बधिर व्हायची, हायवेचा संबंधच नाही. आमच्या मेकॅनिकने मला गाडीवर बसवलं, हात हँडलवर ठेवायला सांगितला आणि बाजूने बघून म्हणाला "भाऊ, लिव्हर आभाळाकडं बघतीये, मनगट मोडतंय तुमचं". क्लॅम्पचे बोल्ट ढिले करून लिव्हर थोडी खाली फिरवली, कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेष आली पाहिजे एवढंच बघायचं. क्लच केबलला ग्रीस-ऑइल केलं, रेसचा प्ले म्हणजे रेस लागायच्या आधी मूठ मोकळी किती फिरते ते पण बघितलं, बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तो २ ते ६ मिमी दिलेला असतो, आमचा फार होता. पैसे घेतले चहाचे. कव्हरपेक्षा जास्त फरक डाव्या हाताला ह्याने पडला हे प्रामाणिकपणे सांगतो, त्यामुळे खर्च करायच्या आधी हे करून घ्या. आणि गाडी अचानक पूर्वीपेक्षा जास्त झिणझिणायला लागली असेल तर ग्रिपला दोष देऊ नका, इंजिन माउंटिंगचे बोल्ट, चेनचा ताण आणि मागच्या चाकातले कपलिंग रबर बघून घ्या.

बाकीचे उपाय पटकन सांगतो. जेलवाले ग्लोव्हज मित्राचे घालून बघितले, गादी जिथं पाहिजे तिथं नव्हती, तळव्याच्या मध्यावर गोळा आला आणि नसेवर उलट दाब. साइजमध्ये घालून, हँडल धरून बघितल्याशिवाय ग्लोव्हज ऑनलाइन मागवायचे नाहीत. हँडलच्या टोकाचे जड वेट मिळतात, त्याने झिणझिण जाते असं नाही, ती ज्या स्पीडला येते तो स्पीड बदलतो, तुमचा नेहमीचा स्पीड त्यातून सुटला तर नशीब. आणि रेसवर बसवायचा तो तळवा टेकवायचा प्लास्टिकचा पट्टा, हायवेला खरंच आराम देतो पण गावात वळताना किंवा ब्रेक मारताना तळवा त्याच्यावर पडला की रेस आपोआप वाढते, द्वारका चौकात तर नकोच. लावायचाच तर शहर सोडून विल्होळीच्या पुढं लावा आणि येताना काढा.

गाडीवर नसताना, रात्री झोपेत पण मुंग्या येत असतील, हातातून वस्तू सुटत असेल किंवा थंडीत बोटं पांढरी पडत असतील तर कव्हर-बिव्हर सोडा आणि डॉक्टरला दाखवा. शुगर आणि थायरॉईडमुळे पण असं होतं. आमच्याकडे ग्राइंडरवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांची बोटं अशी पांढरी पडलेली बघितली आहेत, तो त्रास एकदा बसला की सहज मागे फिरत नाही.

घेणार असाल तर लांबी मोजून जा, आपली ग्रिप टोकापासून स्विचच्या डबीपर्यंत किती आहे ते सेमीमध्ये, कारण लांब घेतलं तर कापता येतं आणि आखूड घेतलं तर मधे रबर उघडं राहतं. दोन्ही कव्हर सेमच असतात, पण रेसच्या बाजूला खाली प्लास्टिकची नळी असल्याने काही गाड्यांत तिकडची ग्रिप किंचित जाड असते आणि कव्हर घट्ट बसतं, ते आधी चढवा, उत्साह टिकून असतो तोवर. आणि काळेच घ्या, काकांनी लाल पण दाखवले होते, त्याचा रंग तिथंच माझ्या बोटांना लागला.