एमएक्स-५चे सस्पेन्शन पुन्हा उभे करताना : पावडर कोटिंग करावे की घरीच इपॉक्सी लावावा?

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजमध्ये किट कार (सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडायची गाडी) बांधणाऱ्यांना मझदा एमएक्स-५ ही डोनर, म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे अशी, गाडी फार सोयीची पडते. तिच्या पहिल्या दोन पिढ्यांत पुढे आणि मागे दोन्हीकडे दुहेरी विशबोन (चाकाला गाडीशी जोडणारे दुबेळके दांडे) असतात, आणि एक्सोसेटसारख्या किटमध्ये तर दोन्ही सबफ्रेम (हे दांडे धरणाऱ्या चौकटी) विशबोनसकट नव्या नळ्यांच्या सांगाड्याखाली जातात. मात्र इथल्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते, त्यामुळे पहिल्या पिढीतल्या, म्हणजे १९८९ ते १९९७ दरम्यानच्या गाड्यांचे हे भाग सुटे केल्यावर सहसा तपकिरी पोपड्यांनी भरलेले निघतात. बुश (सांध्यांतले रबरी अस्तर) ठोकून काढले, गंज उतरवला, वेल्ड तपासले, की प्रश्न उरतो तो लेपाचा. माझ्या गाडीचा पुढचा सबफ्रेम आणि खालचे विशबोन मी व्यावसायिक पावडर कोटिंगला (रंगाची कोरडी पूड भट्टीत भाजून चढवलेला लेप) दिले होते, तर मागचा सगळा संच घरी दोन घटकांच्या इपॉक्सीने (राळ आणि हार्डनर मिसळून लावायचा रंग) रंगवला. त्यामुळे एकाच गाडीवर, एकाच रस्त्यावर दोन्ही लेप शेजारी शेजारी पाहता आले. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, याची मला जाणीव आहे.

दिसण्याच्या बाबतीत पावडरला तोड नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. ज्या किटमध्ये पुढचे विशबोन उघड्यावर असतात, तिथे तो एकसंध काळा थर पाहून समाधान वाटते आणि चिखल पाण्याच्या एका फवाऱ्याने निघून जातो. ब्लास्टिंगसह (वाळूच्या माऱ्याने गंज उतरवणे) सगळे काम दुसऱ्याच्या हातचे असल्याने वेळही वाचतो. खर्चाची तुलना मी लांबवत नाही. इपॉक्सीचे डबे, थिनर, वायर ब्रश आणि हातमोजे यांची बेरीज केली, तर वाटतो तेवढा फरक उरत नाही.

उष्णतेचा मुद्दा मात्र आधीच लक्षात घ्यावा लागतो. पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला भाजली जाते, म्हणजे रबराचा एकही बुश भट्टीत जाता कामा नये. एमएक्स-५च्या पुढच्या वरच्या विशबोनचा बॉल जॉइंट (चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) तर त्या विशबोनचाच अविभाज्य भाग आहे. खालच्यासारखा तो बोल्ट सोडून वेगळा करता येत नाही. जॉइंट चांगला असेल तर त्यातले ग्रीस आणि प्लास्टिकची बैठक भट्टीत घालणे मला पटत नाही. म्हणून पुढचे असूनही वरचे विशबोन मी हातानेच रंगवले. पॉलियुरेथेन बुश टाकणाऱ्यांना बुशांची अडचण फारशी जाणवत नाही, कारण जुने रबर त्यांना काढायचेच असते. बॉल जॉइंटचा प्रश्न मात्र त्यांनाही सुटत नाही.

माझा कौल ज्यावरून ठरला, ती गोष्ट कॅम बोल्टची. या गाडीत खालच्या विशबोनचे आतले बोल्ट विकेंद्री कॅमचे, म्हणजे मध्यापासून बाजूला भोक असलेल्या चकतीचे, आहेत. ते फिरवूनच पुढचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक वळते त्या आसाचा पुढे-मागे कल), तसेच मागचा कॅम्बर आणि टो (वरून पाहता चाकाची आत-बाहेर दिशा) बसवतात. कॅमची चकती सबफ्रेमवरच्या दोन उभ्या कडांच्या मधे बसून फिरते, आणि तिथली जागा मोजूनमापूनच ठेवलेली असते. पावडरचा थर नेमका तिथेही चढतो. आमच्या कोटिंगवाल्याने आटे झाकले होते, पण या बैठका झाकल्या नव्हत्या. कॅम आत जाईना, म्हणून बारीक कानशीने कडांच्या आतला थर खरवडावा लागला. तो भुकटी होऊन निघत नाही. चिवट सालीसारखा उचलला जातो आणि जिथे तुटतो तिथे कडेला उघडे लोखंड दिसू लागते. शिवाय चकतीखाली थोडा जरी थर राहिला, तरी बोल्ट आवळल्यावर तो हळूहळू दबतो आणि आवळ कमी होते. अलाइनमेंट (चाकांचे हे कोन बसवणे) करून घेतल्यानंतर काही काळाने पुढचा कॅम्बर सरकलेला आढळला, आणि त्याचे दुसरे कारण मला तरी सापडले नाही. चकत्यांखालची जागा स्वच्छ धातूपर्यंत आणून पुन्हा आवळल्यावर तो तक्रारीविना टिकला आहे.

बैठका नीट झाकून घेतल्या तर हे टळेल, असे कोणी म्हणेल, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. तरीही अडचण कामाच्या क्रमातच आहे. पावडर सर्वांत आधी चढते आणि अलाइनमेंट सर्वांत शेवटी होते. ती होताना पान्याचे घाव, कॅमची घासण आणि नवे ओरखडे नेमके त्याच जागी पडतात जिथे पाणी साचते. इपॉक्सीच्या बाबतीत मी मागच्या बैठका प्रायमरचा पातळ हात देऊन सोडल्या, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून रबरी बुशांचे बोल्ट आवळले, अलाइनमेंट करून घेतली आणि मग ब्रशने कॅमच्या कडेभोवती शेवटचा हात दिला. आज तिथे बोट फिरवले तर सांधा जाणवत नाही. पावडरवर असा हात देता येतोच, पण गुळगुळीत पृष्ठभाग आधी पॉलिश पेपरने खरबरीत करावा लागतो, आणि बसवलेल्या सबफ्रेमच्या कोपऱ्यात ते नीट साधत नाही. खडीचा टवका उडाल्यावर पावडरखाली गंज पुढे सरकत राहतो आणि फुगा येईपर्यंत दिसत नाही. मागच्या भागांवर टवके उडालेच नाहीत असे नाही, पण ते जागच्या जागी राहिले आणि लगेच दिसले.

इपॉक्सी सोपा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. थंड, दमट गॅरेजमध्ये तो सुकायला फार वेळ घेतो, दोन थरांमधला ठरलेला अवधी उलटला तर पुन्हा घासावे लागते, आणि त्याचा हार्डनर त्वचेला बाधतो, म्हणून हातमोजे आणि हवा खेळती ठेवणे याला पर्याय नाही. घासकाम मनापासून नकोसे असेल, किंवा सबफ्रेमच्या आतल्या बेचक्यांपर्यंत वायर ब्रश पोहोचत नसेल, तर ब्लास्टिंग बाहेरून करून घ्यावे आणि त्याच दिवशी घरी प्रायमर मारावा. हा मधला मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. ब्लास्टिंगची वाळू मात्र पोकळ भागांतून हवेच्या दाबाने पूर्णपणे बाहेर काढावी.

ज्यांना गाडी प्रामुख्याने कोरड्या दिवसांत चालवायची आहे आणि ज्यांचा कोटिंगवाला कॅमच्या बैठका, बुशांची भोके आणि बोल्टखालचे पृष्ठभाग झाकून देण्याची हमी देतो, त्यांनी पावडर घेतली तर मी अडवणार नाही. देताना प्रत्येक भागाचे छायाचित्र काढून झाकायच्या जागा त्यावर लाल पेनाने खुणावून द्याव्यात. तोंडी सांगितलेले कारखान्यात दुसऱ्या हातापर्यंत पोहोचत नाही. माझा पुढचा सबफ्रेम पुन्हा कधी खाली उतरला, तर तो इपॉक्सीनेच रंगेल. जुने कॅम बोल्ट मात्र कोणत्याही मार्गाने जाताना परत वापरू नयेत : ते बुशच्या आतल्या नळीत गंजून इतके घट्ट बसतात की बहुतेक वेळा कापूनच काढावे लागतात, आणि नवे बसवताना त्यांच्या दांड्यावर तांब्याचे ग्रीस लावले तर पुढची अलाइनमेंट करणाऱ्याचे काम हलके होते.