ऐरोलीची बोट सफारी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जायचं असेल तर
ठाणे खाडीचं हे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ सालचं, २०२२ पासून रामसर साइट (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) पण आहे. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, वेळ भरती-ओहोटीवर ठरते म्हणून आधी फोन करून विचाराच. ऑक्टोबरमध्ये फ्लेमिंगोंचे मोठे थवे धरून चालू नका, ते नंतर वाढत जातात, पण खरं सांगू तर मला हेच दिवस आवडतात कारण तुतवार, कुरव, मालगुजा असे पाहुणे पक्षी यायला लागलेले असतात आणि चिखलात चोच पार मुळापर्यंत खुपसून खाणारा मालगुजा जवळून बघायला मिळाला की बास! बोट हलते, ट्रायपॉड नेऊ नका, कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. गाइड मंडळी पक्षी छान दाखवतात. नक्की जा.