पोलर एच१० : वैमानिकाच्या छातीवरून विमानाची पारख
कूपर-हार्पर श्रेणीत १९६९ पासून वैमानिक विमानाच्या हाताळणीला १ ते १० गुण देतात. १ म्हणजे उत्तम, १० म्हणजे नियंत्रण सुटणारच. परंतु कसलेला वैमानिक विमानाची खोड नकळत सांभाळून घेतो आणि ती छुपी मेहनत गुणांत उतरतेच असे नाही. हृदयाच्या ठोक्यांवरून तिचा माग काढायला सिम्युलेटरमध्ये पोलर एच१० हा छातीला बांधायचा, ठोके मोजणारा पट्टा कामी येतो. सेकंदाला १३० वेळा हृदयाचा विद्युत्संकेत टिपत असल्यामुळे दोन ठोक्यांमधले अंतर त्यातून चोख मिळते; विमान वळवायची दांडी (स्टिक) हाताने सतत हलवत असताना नाडी मोजणाऱ्या मनगटी घड्याळाला ते साधणे कठीण. इलेक्ट्रोड मात्र ओले करूनच बांधावेत. ठोके वाढले की हाताळणी वाईट, असा सरळ हिशेब मांडणाऱ्याने हा पट्टा घेऊच नये, कारण धावपट्टी जवळ येताच गुणी विमानातही नाडी चढते. तुलना त्याच वैमानिकाच्या, त्याच टप्प्यातील नोंदींशी करावी.